तेविसाव्या वाफ्यापासून पुढे

मी तिरसट आहे, याबद्दल आमच्या संशोधन केंद्रात दोन मतं नव्हती. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ते मान्य होतं, आणि मलाही. एकतीस वर्षं मी तेल तपासायच्या यंत्रावर बसलो. पानातून काढलेलं तेल सुईने यंत्रात सोडायचं, चाळीस मिनिटं थांबायचं आणि मग कागदावर उमटलेल्या रेघांवरून सांगायचं की यात काय आहे आणि किती आहे. चाळीस मिनिटं, एका पानाला. त्याच आवारात, रोपवाटिकेच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या थोरल्या भावाची बायको तेच काम एका श्वासात करायची. माणूस तिरसट होईल नाही तर काय.

वहिनींबद्दल लिहायचं तर आधी झाडाबद्दल थोडं सांगायला हवं. कापूर, दालचिनी, तमालपत्र, अवोकाडो ही सगळी एकाच कुळातली झाडं. आमचं केंद्र यातल्या कापराच्या झाडावर काम करायचं. या झाडाची गंमत अशी की शेजारी शेजारी उभी असलेली दोन झाडं दिसायला जुळ्या बहिणी, पण एकीचं पान चुरडलं तर कापूर नाकात चढतो आणि दुसरीचं चुरडलं तर गोडसर, फुलासारखा वास येतो. गोड तेल साबणाला आणि अत्तराला लागतं, आणि आम्हाला तेच हवं होतं. पानाच्या रंगावरून, खोडावरून, उंचीवरून कुणालाही फरक ओळखता येत नाही, आणि रोप लहान असताना दोन्ही वास इतके पुसट असतात की साध्या नाकालाही कळत नाही. बी गोड झाडाचं असलं तरी रोप गोडच निघेल याचा भरवसा नाही. म्हणून दोन वर्षांची रोपं झाली की प्रत्येक रोपाचं पान तपासायचं, गोड रोपं ठेवायची आणि बाकीची उपटून टाकायची.

माझा भाऊ या रोपवाटिकेचा मुकादम होता. तो अचानक गेला तेव्हा त्याच्या जागी वहिनींना घेतलं. सुरुवातीला लोक त्यांना ‘मुकादमाच्या जागेवरची बाई’ म्हणायचे आणि पाणी घालायला सांगायचे. पाणी घालता घालता त्या एकेक पान तोडून बोटांत चुरडायच्या, डावा डोळा मिटायच्या आणि पुढे जायच्या. वर्षभराने एकदा माझं यंत्र बिघडलं आणि काम अडलं, तेव्हा त्या संचालकांना म्हणाल्या की मी सांगते. कुणी हसलं. मी तर मोठ्याने हसलो. यंत्र दुरुस्त झाल्यावर त्यांनी सांगितलेली शंभर पानं मी हट्टाने तपासली. नव्व्याण्णव बरोबर निघाली. शंभरावं चुकलं म्हणून मी खूश झालो, पण दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की त्या पानाच्या वेळी माझ्याच यंत्राची नळी घाण होती. संचालकांनी त्या दिवसापासून वहिनींना ‘एक नंबरचं यंत्र’ म्हणायला सुरुवात केली. दोन नंबरचं कोण, हे सांगायची गरज नाही.

त्यानंतर सगळी वाटिका त्यांच्या नाकावर चालायला लागली. कापूर असेल तर रोपाला पांढरा दोरा, गोड असेल तर लाल. शेजारी लांब नोंदवही, रोपाच्या आकड्यापुढे एकच अक्षर, ‘क’ किंवा ‘ग’. पांढरा दोरा बांधलेलं रोप संध्याकाळपर्यंत उपटलं जायचं.

रविवारी मी वहिनींकडे जेवायला जायचो. भाऊ असल्यापासूनची सवय होती. तेल पातळ करायला आम्ही जे द्रावण वापरायचो त्याला पेट्रोलसारखा वास असायचा आणि तो बोटांत मुरायचा. मी दाराशी चपला काढत असतानाच आतून, चुलीपुढून, मान न वळवता आवाज यायचा, “भाऊजी, आधी हात धुवा.” शनिवारी कामावर असलो, दोनदा साबण लावला असला तरी त्यांना कळायचंच. मला फार राग यायचा. स्वतःच्या भावाच्या घरात शाळकरी पोरासारखं मोरीवर जायचं म्हणजे काय. पण जायचो.

पाच वर्षांपूर्वी आमच्याकडे एक तरुण संशोधक आल्या. सगळे त्यांना डॉक्टरबाई म्हणायचे. त्यांचं काम जीनोमवर होतं. झाडाच्या प्रत्येक पेशीत त्या झाडाबद्दलचा सगळा मजकूर अक्षरांत लिहिलेला असतो, कोट्यवधी अक्षरं. त्यातली नेमकी कुठली अक्षरं गोड झाडात असतात आणि कापराच्या झाडात नसतात, हे शोधायचं होतं. एकदा ते सापडलं की बोटभर उंचीच्या रोपाचं चिमूटभर पान घेऊन सांगता येईल की हे गोड निघेल की नाही. दोन वर्षं वाट बघायची गरज नाही, हजारो रोपं वाढवून उपटायची गरज नाही. त्यासाठी त्यांना खूप रोपांची पानं हवी होती, आणि प्रत्येक रोपाचा वास कुठला हे खात्रीने सांगणारं कुणीतरी.

सव्वीस वाफे, प्रत्येक वाफ्यात दीडशे रोपं. माझ्या यंत्राने करायचं म्हटलं असतं तर मी निवृत्त झाल्यावरही काम संपलं नसतं. वहिनी करतील, असं ठरलं. त्या दोरा बांधायच्या आधी मी पानाचे चार गोल तुकडे पाडायचे आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पाकिटात घालून आकडा टाकायचा, इतकंच माझ्या वाट्याला आलं. मी कुरकुरलो. वहिनी मात्र पहिल्यांदाच थोड्या धास्तावलेल्या दिसल्या. हे सगळं जमलं तर माझं काम कोण करणार, असं त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं. डॉक्टरबाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, कुणीच नाही, चिमूटभर पान पुरेल. वहिनी म्हणाल्या की मग नीटच करायला हवं.

शेवटचे चार वाफे, तेविसावा ते सव्विसावा, पंपघरामागच्या झाडाच्या बियांचे होते. ते झाड माझ्या भावाने शोधलं होतं. त्याच्याइतकं गोड पान आमच्या आवारात दुसरं नव्हतं, माझं यंत्रही तेच सांगायचं. भावाने स्वतःच्या हाताने त्याला कुंपण घातलं होतं. भाऊ गेल्यावर बऱ्याच वर्षांनी एका वादळात ते मुळासकट पडलं. त्या वर्षी धरलेलं बी हे त्याचं शेवटचं बी.

बाविसावा वाफा संपला आणि वहिनींना ताप आला. दहा दिवस घरी होत्या. परत आल्या तेव्हा उतरलेल्या दिसत होत्या, पण काम सुरू केलं. लावणीचा हंगाम तोंडावर होता, वाफ्यांत मुळं एकमेकांत अडकत चालली होती आणि संचालक रोज विचारत होते की झालं का. चार दिवसांत चार वाफे झाले. पान चुरडायचं, डावा डोळा मिटायचा, दोरा बांधायचा. मी शेजारी उभा राहून पाकिटं भरत होतो. मला काही वेगळं वाटलं नाही. तीनशे रोपं लाल दोऱ्याची राहिली, ती निकाल येईपर्यंत आवारातच मोकळ्या जागेत लावून ठेवली, आणि तीनशे पांढऱ्याची उपटली गेली.

पाकिटं मोठ्या प्रयोगशाळेत गेली. सात महिन्यांनी डॉक्टरबाईंनी आम्हाला बोलावलं. पहिल्या बावीस वाफ्यांत अक्षरं आणि वास यांचा असा मेळ बसला होता की त्या स्वतःच थक्क झाल्या होत्या, शंभरात सत्त्याण्णव. तेविसाव्यापासून पुढे मात्र शंभरात जेमतेम पन्नास-बावन्न. म्हणजे छापा-काटा करून सांगितलं असतं तरी तेवढंच जमलं असतं. पाकिटांची अदलाबदल झाली असावी, असं संचालक म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. वहिनी भिंतीशी बसल्या होत्या. त्या पदराच्या टोकाला पीळ घालत होत्या आणि वर बघत नव्हत्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या घाण नळीचं एक पान सोडलं तर एकतीस वर्षांत मी एक आकडा चुकवला नव्हता. माणसं माझ्याशी बोलायचं टाळायची, पण माझ्या कागदावर बोट ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. आणि आता निवृत्तीला आठ महिने राहिले असताना सहाशे पाकिटांचं खापर माझ्या डोक्यावर फुटत होतं. संचालकांनी लेखी खुलासा मागितला. मी म्हटलं, खुलासा नाही, पुरावा देतो. नोंदवही उचलली आणि घरी आलो.

रविवारी सकाळी टेबलावर वही उघडून बसलो. माझी पाकिटं बरोबर होती हे सिद्ध करायचं एवढंच डोक्यात होतं. पहिल्या बावीस वाफ्यांतली वहिनींची अक्षरं वाचत गेलो. क, क, क, क, क, क, ग. पुढे सलग पाच ग. पुढे एका ओळीत नऊ क. खरं नेहमी असं अडखळतच पडतं, कुठे ढीग तर कुठे काहीच नाही. मग तेविसावा वाफा आला. क, ग, ग, क, ग, क, क, ग. सव्विसाव्या वाफ्याच्या शेवटापर्यंत एकसारखं अक्षर सलग तीनदा कुठेही आलं नव्हतं. चारही वाफ्यांत बरोबर निम्मे क आणि निम्मे ग. एखाद्याने आपल्याकडून कुणावर अन्याय होऊ नये म्हणून काळजीपूर्वक वाटून द्यावं, तसं ते होतं.

मी वही मिटली. मग एक साधी गोष्ट आठवली. वहिनींच्या तापानंतर मी कितीतरी रविवार त्यांच्याकडे जेवलो होतो, आणि एकदाही आतून आवाज आला नव्हता. मला वाटलं होतं, वय झालं, निवळल्या. मी मनात खूशही झालो होतो. सात महिने माझ्या नाकासमोर होतं ते, आणि मी त्याचा आनंद मानत होतो. याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम त्या द्रावणात बोटं बुडवली. हात न पुसता रोपवाटिकेच्या शेडमध्ये गेलो. वहिनी बाकावर बसून दोऱ्यांची गुंतवळ सोडवत होत्या. मी अगदी जवळ बसलो, वाकून त्यांच्या हातातली लाल दोऱ्याची एक गाठ सोडवून दिली. माझा मलाच तो वास डोळ्यांत झोंबत होता. त्यांनी दोरा घेतला, रिळाला गुंडाळला आणि चहा घेणार का म्हणून विचारलं.

“वहिनी,” मी म्हटलं, “मी हात धुतलेले नाहीत.”

त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं, मग ती बोटं धरून स्वतःच्या नाकापाशी नेली आणि डावा डोळा मिटला. सवयीने. थोड्या वेळाने डोळा उघडला तेव्हा तो भरला होता. मी माझ्या वहिनींना भाऊ गेला तेव्हाही असं रडताना बघितलं नव्हतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. तापातच गेला होता वास. आधी वाटलं सर्दी आहे. रोज सकाळी उठून त्या डब्यातला कापराचा खडा नाकाशी धरायच्या आणि आज येईल, उद्या येईल म्हणायच्या. कामावर आल्या त्या दिवशी पहिल्या रोपाचं पान चुरडलं आणि काहीच आलं नाही. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण भोवती आम्ही सगळे उभे होतो, संचालक घड्याळ बघत होते, मी पाकीट उघडून धरलं होतं. त्यांनी ‘क’ म्हटलं. एकदा म्हटल्यावर दुसऱ्याला थांबता आलं नाही. त्यांना वाटलं होतं की दोन दिवसांत वास परत येईल आणि मग चुपचाप सगळे वाफे पुन्हा तपासता येतील. पण पांढऱ्या दोऱ्याची रोपं त्याच संध्याकाळी उपटली जायची, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

मी विचारलं, मला तरी का नाही सांगितलं. त्या म्हणाल्या, “ह्यांच्या जागेवर आले होते मी, भाऊजी. नाक होतं म्हणून ती जागा माझी झाली. नाक गेल्यावर परत मी मुकादमाच्या जागेवरची बाई.”

माझ्यासारख्या माणसाला दिलासा देता येत नाही. मला काहीतरी करता येतं. मी म्हटलं की झाकली मूठ राहू दे, मी लिहून देतो की पाकिटं माझ्याकडून बदलली. आठ महिन्यांनी मी जाणारच आहे, तिरसट म्हणून नाव आहेच, त्यात वेंधळा म्हणून भर पडेल. हे म्हणताना मला आतून किती जड गेलं ते मी कुणाला सांगितलं नाही, पण मनापासून म्हटलं. वहिनींनी डोळे पुसले आणि मान हलवली.

“पाकिटं चुकली असं तुम्ही म्हणालात, तर दोरे बरोबर ठरतील,” त्या म्हणाल्या. “ती तीनशे लाल दोऱ्याची रोपं गोड म्हणून बाहेर जातील. लोक लावतील, दहा वर्षं वाढवतील, आणि तोडल्यावर निम्म्यात कापूर निघेल. ह्यांच्या झाडाचं नाव सांगून.”

एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता, मला फक्त माझं आणि त्यांचं नाव दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच डॉक्टरबाईंच्या खोलीत जायला निघाल्या. मी मागोमाग गेलो, त्यांनी नको म्हटलं नाही. डॉक्टरबाई पडद्यावर काहीतरी बघत होत्या. वहिनींनी बसायला नकार दिला. उभ्यानेच, एका दमात सांगितलं की तेविसाव्या वाफ्याच्या पहिल्या रोपापासून पुढे मला वास येत नव्हता, मी अंदाजाने दोरे बांधले, यांची पाकिटं बरोबर आहेत. डॉक्टरबाई रागावतील असं मला वाटलं. त्यांनी फक्त विचारलं की पहिल्याच रोपापासून का, बाविसाव्यातलं शेवटचं नक्की का. वहिनी म्हणाल्या, बाविसाव्यातलं शेवटचं गोड होतं, अजून आठवतंय. डॉक्टरबाईंनी ते लिहून घेतलं आणि मग खुर्चीवरून उठून वहिनींना तिथे बसवलं.

संचालकांना कळलं तेव्हा त्यांनी डोक्यात राख घालून घेतली नाही, हे त्यांचं मोठेपण. त्यांच्या मते अहवालातून चार वाफे वगळले की झालं, कारण म्हणून ‘तांत्रिक अडचण’ लिहायची. माझ्याकडे खुलासा मागणारं पत्रही त्यांनी गुपचूप फाडलं. पण वहिनींनी एक प्रश्न विचारला आणि तो कुणाला सुचला नव्हता. बावीस वाफ्यांवरून जर आता अक्षरं कळली असतील, तर उपटलेल्या रोपांची पाकिटं आहेतच की. त्यात गोड किती होती?

डॉक्टरबाई म्हणाल्या, सांगता येईल, पण ते जाणून तुम्हाला काय मिळणार. वहिनी म्हणाल्या, मिळायचं काही नाही, माहीत हवं.

पंधरा दिवसांनी आकडे आले. लाल दोऱ्याच्या तीनशेत एकशे त्रेपन्न खरोखर गोड होती, बाकीची कापराची. म्हणजे भावाच्या झाडाचा वंश बुडाला नव्हता, आणि लावणीला आता फक्त खरी रोपं जाणार होती. हे ऐकून मी मोठा श्वास सोडला. वहिनी थांबून राहिल्या. उपटलेल्या तीनशेत एकशे एक्केचाळीस गोड होती.

त्यांनी डॉक्टरबाईंना ते आकडे वाचून दाखवायला सांगितलं. एकेक. वाफा तेविसावा, रोप एक, कापूर. रोप चार, गोड. रोप सहा, गोड. खिडकीबाहेर ट्रॅक्टर चालू होता, त्याच्या आवाजात डॉक्टरबाईंचा आवाज मधेच बुडायचा, आणि वहिनी पुन्हा सांगा म्हणायच्या. मांडीवर नोंदवही होती. पाऊण तास लागला. जुनी अक्षरं त्यांनी खोडली नाहीत. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की पानाच्या वर एक ओळ लिहिली तरी पुरे. वहिनींनी घरी नेऊन चारही वाफ्यांच्या सहाशे नोंदींपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, प्रत्येक ओळीला स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘वास आला नाही.’ चार दिवस लागले, जेवढे दोरे बांधायला लागले होते तेवढेच.

ती वही आता केंद्रात काचेच्या कपाटात आहे. बावीस वाफ्यांवरून शोधलेली अक्षरं वापरून आज तिथे चिमूटभर पानावरून रोप निवडतात. पत्र्याच्या शेडमध्ये दोऱ्यांची रिळं नाहीत आणि माझं यंत्रही कापडाखाली झाकून ठेवलेलं आहे, म्हणजे अखेर आमची बरोबरी झाली. वहिनी माझ्यानंतर वर्षभराने निवृत्त झाल्या. वास परत आलेला नाही. येणार नाही, असं आता वैद्यांनीही सांगितलंय.

मी अजून रविवारी जेवायला जातो. पाच-सहा कापराची झाडं माझ्या घरामागे लावली आहेत, त्यांची पानं उकळून तेल काढायचा नाद काही सुटत नाही, आणि त्यासाठी ते द्रावणही घरी येऊन पोचलं आहे. दाराशी चपला काढल्या की आतून आवाज येतो, पण आता तो विचारण्याचा असतो. “भाऊजी, हात धुतलेत का?”

पूर्वी त्यांना कळायचं. आता मी सांगेन तेच त्यांच्यासाठी खरं. मागच्या रविवारी पाय दुखत होते, मोरीपर्यंत जायचा कंटाळा आला होता आणि हो म्हणणं अगदी जिभेवर होतं. मी नाही म्हटलं आणि हात धुवायला गेलो.